साबेराचा बताशा

मला जनावरांची आवड कधीच नव्हती. हे आधीच सांगते, नाहीतर पुढं तुम्हाला वाटेल की बाई पहिल्यापासून मोठी मायाळू असणार. मी मायाळू नव्हते. भूममध्ये आमच्या गल्लीत माझ्या तोंडाला सगळे वचकून असत. दारात कुणाची शेळी आली तर शेळीला नाही, तिच्या मालकिणीला मी बोलून घेत असे. लग्नाला दहा वर्षं झाली होती, पदरात मूल नव्हतं, आणि त्यावरून कुणी काही बोलायच्या आत आपणच चार शब्द सुनावून मोकळं व्हावं अशी माझी रीत होती. आमचे मालक शरणप्पा माझ्या अगदी उलट. पेठेत त्यांचं कापडाचं दुकान होतं. गिऱ्हाईक सकाळभर बसून एक खणही न घेता उठलं तरी हे हसून 'या परत' म्हणणार. त्यांचं नाव मी सरळ घेते आहे, कारण आता ते रागवायला नाहीत.

निजामाच्या राज्यातली गोष्ट आहे. लढाई संपत आली होती, कापड मिळत नव्हतं आणि मालक दुकानात माशा मारत बसत. त्या वर्षी आमच्या शेजारच्या घरात जनावरांच्या सरकारी दवाखान्याचे डॉक्टर राहायला आले. हैदराबादचे मुसलमान, बोलायला फार अदबशीर. बायको वारलेली. बरोबर आठ वर्षांची एकुलती मुलगी, साबेरा. डॉक्टर सकाळी घोड्यावर बसून खेडोपाडी जात ते उन्हं कलल्यावर येत. स्वयंपाकाला एक म्हातारी यायची, ती बहिरी. पोरगी दिवसभर एकटी.

पहिल्याच दिवशी ती आमच्या ओट्यावर येऊन बसली. दहाही बोटं शाईनं बरबटलेली.

"हात बघ ते!" मी ओरडले. "वट्याला डाग पडला तर तुज्याच जिभेनं पुसायला लावीन."

तिनं ओट्याकडं पाहिलं, मग जीभ काढून एक बोट चाटलं आणि म्हणाली, "कडू लगती, काकी."

मला हसू आलं. हसू आलं म्हणून मी आणखी रागावले. पण दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मी तिचे हात धुऊन दिले, आणि आठवड्याभरात तिची वेणी घालायचं काम माझ्याकडं आलं. शाईवरून मात्र आमचं रोज वाजायचं. ती टाकानं उर्दू लिहायला शिकत होती आणि तिच्या कागदावर अक्षरांपेक्षा डाग जास्त असत. "लिवलंस का म्हशीनं श्याण टाकलं?" असं मी म्हणे. ती कागद पाठीमागं लपवी. ओटा आणि माजघराची पायरी तिची होती. त्याच्या आत, चुलीकडं, ती येत नसे. आम्ही लिंगायत, ते मुसलमान. कुणी तिला 'येऊ नको' म्हटलं नव्हतं, पण तिला ठाऊक होतं, आणि मीही कधी 'ये' म्हटलं नाही.

बताशा तिनंच आणून दाखवला. फळ्यांच्या खोक्यात, गवतावर बसलेला, पांढरा शुभ्र, पाठीवर एक तांबूस ठिपका. शेपूट नावाला नाही. नाक सारखं हलतंय.

"उंदीर हाय की गं! घरात उंदीर पाळतेत व्हय कुनी?"

"चूहा नको बोलो काकी. उसकू समजता."

डॉक्टरांनी सांगितलं की हा विलायती प्राणी. हैदराबादेत जनावरांच्या लशी तयार करतात तिथं सुया टोचायला असे पुष्कळ ठेवतात. हा जन्मतःच अशक्त निघाला, कामाचा नव्हता, म्हणून त्यांनी कोटाच्या खिशात घालून लेकीसाठी आणला. त्याचं इंग्रजी नावही त्यांनी सांगितलं. पण त्या नावात डुक्कर येतं असं कळल्यावर त्यांच्या घरात आणि आमच्या घरात, दोन्हीकडं, ते नाव पुन्हा कुणी घेतलं नाही. तो बताशाच राहिला.

त्या शिमग्यानंतर साबेराला ताप आला. आज उतरेल, उद्या उतरेल म्हणता म्हणता दहा दिवस गेले. डॉक्टर जनावरांचे, माणसाच्या तापापुढं त्यांचं काही चालेना. शेवटी त्यांनी तिला हैदराबादला, तिच्या फुफीकडं, म्हणजे आत्याकडं, न्यायचं ठरवलं. बार्शीला जाणारी मोटार दारात थांबवली होती. पोरीला उचलून ठेवायचं तेवढं बाकी होतं, आणि ती काही केल्या चादरीतला खोका सोडेना. मला बोलावणं आलं. मी गेले तर तिनं तो खोका माझ्या पोटाशी ढकलला.

"काकी, इसकू रोज हरा देना. एक दिन बी चुकना नको."

"देते गं बाई."

"मैं आये तक इसकू सोडना नको. बोलो."

मी वचन देणारी बाई नव्हते. पण तिच्या हाताचा चटका मला खोक्याच्या फळीतूनही लागत होता. मी म्हटलं, "तू येईस्तवर सोडनार न्हाय. आता जा, न्हायतर मोटार निगंल." डॉक्टर म्हणाले, "भाभी, पंधरा दिवसांत येतो."

अशी मी दुसऱ्याच्या जनावराची धनीण झाले. चैत्र लागला आणि भूमचं ऊन तुम्हाला माहीत नसेल तर सांगून उपयोग नाही. गावात हिरवं म्हणून काही राहत नाही. शेरडं बोराटीचे काटे चघळतात. आणि ह्या नवाबाला रोज ताजा हिरवा पाला! कोरडं दिलं तर नाकानं ढकलायचा. डॉक्टर बजावून गेले होते की हिरवं नसलं तर हा प्राणी आतून झिजतो, पाय सुजतात, दात हलतात. गावाबाहेर बिराप्पा धनगराचा मळा होता. विहिरीला पाणी टिकायचं म्हणून तो वाफाभर लसूणघास करी, डॉक्टरांच्या घोड्यासाठी. मी रोज सकाळी पदर डोक्यावर घेऊन तिथं जाऊ लागले, पाऊण कोस जाणं आणि पाऊण कोस येणं.

पहिल्या दिवशी बिराप्पा कमरेवर हात ठेवून बघत राहिला. "वैनी, गाय घेतली का काय?"

"उंदीर घेतलाय. दे मूठभर, दात काय दाखवतोस."

बताशाला माझं पाऊल कळायला लागलं. ओल्या फडक्यात बांधलेल्या घासाची नुसती सळसळ झाली की तो मागच्या पायांवर उभा राहून शीळ घालायचा, कुईऽ कुईऽ, गल्लीत ऐकू जाईल अशी. आमच्यात लिंगपूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी घेत नाहीत. मी पूजा करायची, मग बताशाला घास घालायची, मग आपण खायची. मालक म्हणत, "शिवगंगे, घरात माजा नंबर कितवा हाय तेवढं सांग. म्हंजे ताटावर कवा बसायचं ते कळंल." दुपारी खोक्यावर ओलं गोणपाट टाकायचं, त्याच्या लेंड्या काढायच्या, दर चार दिवसांनी गवत बदलायचं. काकडीचं साल, मेथीच्या काड्या, कोथिंबिरीचे देठ. मी भाजी निवडताना आता पाला त्याचा आणि उरलं ते आमचं. मांडीवर घेतला की तो गळ्याखालच्या मऊ जागेवर हात फिरवून घ्यायचा आणि घुर्रर्र असा आवाज करायचा. कुणी पाहत नाही ना बघून मी त्याच्याशी बोलायची. "येनार हाय तुजी बाई. माजी वेणी तिनं घालायची न्हाय, तिची म्या घालायची, सांग तिला." असलं काहीबाही. दहा वर्षांत मी घरात एकटी असताना मोठ्यानं बोलले नव्हते.

डॉक्टरांचं कार्ड आठवड्याला येई. उर्दूत. मला तर कसलंच वाचता येत नव्हतं आणि मालकांना मोडी सोडून काही नाही. आमचा टपाली गुंडाप्पा सरकारी शाळेत शिकलेला. तो ओट्यावर बसून कार्ड वाचून दाखवी आणि पाणी पिऊन जाई. पहिल्या कार्डात प्रवास नीट झाला. दुसऱ्यात ताप आहे, बताशा कसा आहे असं मुलगी विचारते. तिसऱ्यात लिहिलं होतं की मुदतीचा ताप निघाला, डोक्यावरचे केस काढावे लागले, पोर ओळखू येत नाही, भाभी, तुमच्या देवालाही सांगा. गुंडाप्पानं ते वाचलं आणि पाणी न पिताच उठला.

मग तीन आठवडे काहीच नाही. गुंडाप्पा गल्लीच्या तोंडाशी दिसला की मी ओट्यावर येऊन उभी राही आणि तो लांबूनच मान हलवी.

आता तुम्हाला आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. मयताची खबर असलेल्या कार्डाचा कोपरा फाडून पाठवतात. वाचणाऱ्याला हातात घेताच कळावं म्हणून. तसलं कार्ड उंबऱ्याच्या आत आणायचं नाही. बाहेरच वाचायचं, वाचलं की लगेच फाडायचं, तुकडे घराबाहेर टाकायचे. टपालीसुद्धा तसल्या कार्डाच्या मजकुरावर आधी नजर टाकत नाही. माझी आई ढोकीला वारली तेव्हा असंच कार्ड आलं होतं. मालक गावाला गेलेले. पेठेतल्या एका भल्या माणसानं ओट्यावर उभं राहून ते मला मोठ्यानं वाचून दाखवलं, अगदी शेवटच्या 'कळावे'पर्यंत. त्यात त्याचा काही दोष नव्हता. पण त्या माणसाचा आवाज मला पुढं आयुष्यभर ऐकवला नाही. तो दुकानात आला की मी मागच्या दारानं निघून जाई.

वैशाखाच्या अखेरीला एका सकाळी मी मळ्यातून परत आले. हातात घासाचं फडकं, आतून बताशाची शीळ सुरू झालेली. ओट्याखाली गुंडाप्पा उभा होता. नेहमीसारखा वर येऊन बसला नव्हता. कार्ड त्यानं दोन बोटांत, अंगापासून लांब धरलं होतं. पत्त्याची बाजू वर. वरचा कोपरा नव्हता.

"हैदराबादचं हाय," तो म्हणाला. खाली बघत म्हणाला. "वाचू का, वैनी?"

मी कार्ड घेतलं. कोपरा फाडलेला नव्हता, कात्रीनं सरळ कापलेला होता. तेवढं मला दिसलं. डॉक्टर माणूस, ह्यातही नीटनेटका, असं मनात येऊन गेलं.

"काय वाचतोस?" मी म्हटलं. "सांगायचं ते कोपऱ्यानं सांगितलंय."

"तरी बी एकडाव…"

"तुजं तोंड मला पुन्ना बगायचं हाय, गुंडाप्पा. वाचू नगंस."

आणि मी ते कार्ड फाडलं. दोन तुकडे, चार, आठ. गल्लीच्या कडेला टाकले. वारं होतं, ते गेले. माझ्या हातानं फाडलं, दुसऱ्या कुणी नाही. गुंडाप्पा वाचू का म्हणाला होता, दोनदा म्हणाला होता.

आमच्या लिंगायतांत सुतक नसतं. तरी मी डोक्यावरून पाणी घेतलं. रडायचं कुठं आणि कुणाच्या नावानं, हेच कळेना. नात्याची नाही, जातीची नाही. गल्लीतल्या बायकांनी विचारलं असतं, तुझी कोण होती गं? त्यांच्यातही पुरतात, आमच्यातही पुरतात. मला सारखं दिसत होतं की तिला मातीत ठेवलंय आणि डोक्यावर केस नाहीत. आणि ह्या पोरीला मी एकदाही चुलीपाशी बसवून तव्यावरची गरम भाकरी वाढली नव्हती. पायरीवर वाढली, निवलेली. ते एक माझ्या छातीत रुतून बसलं.

मालक दुकानातून आले, त्यांना सांगितलं. ते पागोटं काढून खांबाला टेकून बसले. मग म्हणाले, "डॉक्टरला पत्र धाडाया पायजे. कुनाकडून तरी उर्दूत लिवून घेतो."

"काय लिवनार?"

ते 'उद्या बघू' म्हणाले, आणि उद्याचं परवावर गेलं.

पण बताशाला कोण सांगणार? दुसऱ्या दिवशी मी मळ्यात गेले, घास आणला. उपाशी ठेवला नाही त्याला, एवढं मी शपथेवर सांगते. फडक्याची सळसळ झाली आणि तो उभा राहून शीळ घालायला लागला, नेहमीच्याच आनंदानं. मला त्याचा राग आला. खरंच सांगते, त्या मूठभर जिवाचा मला इतका राग आला की मी ओरडले, "ती गेली आन् तू शिट्टी वाजवतोस व्हय रं!" तो घाबरून कोपऱ्यात गेला. मग थोड्या वेळानं पुन्हा नाक बाहेर. तिसऱ्या दिवशी तेच. प्रत्येक शिळेबरोबर मला वाटे की आता ती ओट्यावर उडी मारून येणार आणि 'उसकू भूक लगी, काकी' म्हणणार. मी कानांत बोटं घालून बसू लागले.

चौथ्या दिवशी मी खोका उचलला.

"कुठं?" मालकांनी विचारलं.

"मळ्यात सोडते. हितं फळ्यांत कोंडून कुनासाठी ठेवायचं? तितं हिरव्यात ऱ्हाईल. पोटभर खाईल."

"डॉक्टर मागतील की गं. पोरीची आठवण म्हनून."

"ज्यानं लेक मातीत घातली त्यो उंदीर मागाया येनार न्हाय," मी म्हटलं. असं मी म्हटलं. मालकांनी मान फिरवली.

बिराप्पाच्या मळ्यात लसूणघासाचा वाफा गुडघ्याएवढा वाढला होता. मी बताशाला त्यात ठेवलं. तो जागचा हललाच नाही. आयुष्यात एवढं हिरवं त्यानं पाहिलं नसावं. मग एक पान तोडलं, चावलं, माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, मी त्याचं भलंच करते आहे. तिला दिलेलं वचनही मोडत नव्हतं माझ्या लेखी. तू येईस्तवर म्हटलं होतं, आणि ती येणार नव्हती. मी मागं न बघता आले. घरी खोका घासून धुतला आणि ओट्याच्या कडेला पालथा घातला.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी, बार्शीच्या मोटारीची वेळ. मी माजघरात डाळ निवडत बसले होते. बाहेरून हाक आली.

"काकीऽ!"

हाक ऐकून मी उठलेच नाही. असे आवाज मला दोन-तीन दिवस येतच होते. मग पुन्हा आली, आणि पाठोपाठ ओट्यावर पावलं वाजली. मी बाहेर आले. साबेरा उभी होती. वाळून काडी झालेली, डोक्याला हिरवा रुमाल, रुमालाखाली बोटभरही केस नाहीत. डोळे तेवढे तिचे. मागं डॉक्टर मोटारीतलं सामान मोजून घेत होते, आणि त्यांची पेटी डोक्यावर घेतलेला गुंडाप्पा पायरीशी खिळल्यासारखा उभा होता. टपालाची थैली त्याच मोटारीनं यायची; त्यानं त्यांना उतरताना पाहिलं असणार. त्याच्या तोंडावर रक्त नव्हतं.

"वैनी," तो म्हणाला, "बगा की कोन आलंय…"

मी पोरीला धरलं. आधी हात चाचपले, मग गाल, मग रुमालावरून डोकं. गरम होती. तापानं नाही, जिवंत माणूस असतं तेवढीच गरम. मी तिला हाताला धरलं आणि तशीच आत नेली, पायरी ओलांडून, सरळ चुलीपाशी. ती पायरीवर अडखळली.

"काकी, अंदर?"

"ये म्हनते न्हवं! बस हितं. भाकरी टाकते. गरम खा."

मी पिठात हात घातला. माझ्या डोळ्यांतलं पाणी परातीत पडत होतं आणि मी हसत होते. अशी मी उभ्या जन्मात कधी झाले नव्हते. साबेरा पाटावर बसली, इकडंतिकडं पाहिलं, आणि कुर्त्याच्या खिशातून एक लहानसं घुंगरू काढलं, लाल रेशमात ओवलेलं.

"बताशाकू लायी. किधर है उनो? शिट्टी नहीं मार रा?"

पिठातले हात पिठातच राहिले.

"मळ्यात हाय," मी म्हटलं. "हिरवं खायाला ठेवलाय. आत्ता आनते. तू बस. हलू नगंस."

मी डोक्यावर पदरही न घेता, पिठाच्या हातांनी, भर उन्हात पाऊण कोस पळत गेले. तीनच दिवस झाले होते. वाफ्यात असेल, कुठं जातोय, पायच केवढे त्याचे. वाफ्याच्या कडेनं मी हाका मारल्या. फडक्याची सळसळ करायला फडकं नव्हतं म्हणून पदर झटकला. शीळ आली नाही. बिराप्पा विहिरीवरून उठून आला.

"त्यो उंदीर? त्याला घारीनं न्हेला, वैनी. तुमी सोडला त्याच्या दुसऱ्या दिशी. पांढरं जनावर हिरव्यात, लांबून दिसतंय की. म्या वरडलो, धोंडा मारला. पर घारच ती. न्हेताना शिट्टी मारीत हुता."

परत येताना मी पळाले नाही. काय सांगायचं ते ठरवत आले आणि काही ठरलं नाही. साबेरा ओट्यावर बसली होती. पालथा खोका तिनं उताणा केला होता आणि आत नवं गवत पसरलं होतं. गुंडाप्पा अजून तिथंच होता. डॉक्टर दाराशी उभे होते. माझे रिकामे हात पाहून ती उभी राहिली.

"मेला का, काकी?"

"मळ्यात सोडला हुता. घारीनं न्हेला."

ती रडली नाही. तिला ते समजलंच नव्हतं. "सोडला? पर कार्ड तो मिल्या ना? गुंडाप्पा बोल्या, काकीच्या हातात दिलं."

"मिळालं."

"मैं खुद लिखी, काकी! पूरा मैं लिखी. अब्बांनी बस पत्ता घातला. मैं अच्छी हुई, अब आती, बताशाकू बोलो, ऐसा लिखी. कोपऱ्यात डाग पड्या शाईचा. तुमी ओरडला असता, म्हणून कैचीनं कोपरा काट डाली. एक बी डाग नव्हता, काकी. पाह्यला ना तुमी?"

गुंडाप्पा पुढं आला. "वैनी," तो म्हणाला, "अवो, ते कार्ड… बाळ, आमच्यात कोपरा…"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. आमच्यात कोपरा नसलेलं कार्ड म्हणजे मयत. मी तुला गेलेली समजले. त्या वाक्यानं मी सुटले असते. पण ती आठ वर्षांची पोर मरणाच्या दारातून आली होती. तिला त्या दिवसापासून कळलं असतं की बताशाला घारीपुढं टाकलं ते तिच्या कात्रीनं. आणि ती कात्री तिनं का चालवली? माझ्या तोंडाच्या भीतीनं. मी तिच्याकडं पाहिलं. तिची बोटं घुंगराभोवती घट्ट मिटली होती.

"गुंडाप्पा, तू गप ऱ्हा," मी खेकसले. "टपाल वाटून झालं न्हाय का तुजं? मदीमदी करू नगंस."

त्यानं टपालाची थैली उचलली.

"पाह्यलं कार्ड," मी साबेराला म्हटलं. "वाचून घेतलं. कंटाळा आला हुता मला तुज्या उंदराचा. रोज उठून कोन उन्हात मरंल? सोडून दिला."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग खोक्यातलं गवत तिनं मुठीमुठीनं बाहेर काढलं, खोका पोटाशी धरला आणि पायऱ्या उतरून आपल्या घरात गेली. डॉक्टर म्हणाले, "जाने दो भाभी. जानवरच होता." त्यांचा आवाज नेहमीसारखा अदबशीर होता, पण त्यानंतर ते आमच्या ओट्यावर कधी बसले नाहीत. मी आत गेले. परातीतल्या पिठाला कोरड आली होती. चुलीपाशी पाट तसाच होता.

मालकांना मी रीतसर सगळं सांगितलं. ते म्हणाले, "एवढं मोठं खोटं कशापायी वढून घेतलंस? चार वरसांनी पोरगी शानी झाल्यावर सांगता आलं असतं." चार वर्षं कुणाच्या हातात होती? दिवाळीच्या सुमाराला डॉक्टरांची बदली परभणीकडं झाली. ते पाच महिने साबेरा आमच्या भिंतीपलीकडं होती. तिचे केस वाढताना मी गच्चीवरून पाहिले, आधी बोटभर, मग कानाएवढे. फणी लागण्याजोगे झाले तेव्हा ते त्या बहिऱ्या म्हातारीनं विंचरले, वेडेवाकडे. पुढं चाळिशीत मी वाचायला शिकले, एका मास्तरीणबाईंच्या मागं लागून, मराठी आणि थोडं उर्दूही. कुणी म्हणे, ह्या वयात कशाला? मी पुढचा धडा काढी.

निघायच्या दिवशी गाडी दारात उभी होती. मी ओट्यावर आले. डॉक्टरांनी लेकीच्या कानात काहीतरी सांगितलं, बहुतेक काकींना सलाम कर म्हणून. तिनं बापाचं ऐकलं. गाडीत बसल्या बसल्या, माझ्याकडं न बघता, तिनं हात कपाळाशी नेला. मी तो हात पाहिला. बोटं स्वच्छ होती, शाईचा एक डाग नव्हता.